अर्जुनाचे हात, खेळाडूचे अंगठे

फायटिंग गेमच्या स्पर्धांमध्ये एक नियम जवळपास सगळीकडे सारखाच असतो. सामना रंगात आला असताना ज्याच्या हातून पॉझचं बटण दाबलं जाईल, त्याचा तो राउंड सहसा जातो. मुद्दाम दाबलं की चुकून, याची फारशी चौकशी होत नाही. समोरच्याने मोठ्या मनाने सोडून दिलं तर गोष्ट वेगळी. घरी सोफ्यावर बसून खेळताना वर्षानुवर्षं ज्या बटणाकडे अंगठा फिरकला नाही, तिकडे तो पहिल्या स्पर्धेत नेमका जातो. म्हणून जाणती मंडळी सामन्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ते बटण बंद करून ठेवतात. आधी खेळून गेलेल्या कुणाचा वायरलेस कंट्रोलर मशीनला जोडलेलाच राहिला, तरीही भर सामन्यात खेळ थांबू शकतो. त्यामुळे उठताना आपापल्या कंट्रोलरची मशीनशी असलेली जोडणी तोडून तो न्या, असं आयोजक घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतात.

बटण बंद करता येतं. अंगठ्याचं काय करायचं?

हा प्रश्न व्हिडिओ गेमपेक्षा बराच जुना आहे. पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे मोजले आणि लगेच पुढच्या सूत्रात त्यांच्या मागोमाग येणारी लक्षणं सांगितली: दुःख, खिन्नता, अंगाला सुटणारा कंप आणि बिघडलेला श्वास. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःबद्दल जे सांगतो, तेही असंच. तोंडाला कोरड पडली आहे, अंगावर काटा आला आहे, त्वचेची आग होते आहे, उभं राहवत नाही, आणि मुख्य म्हणजे गांडीव हातातून निसटतं आहे. हा काही नवखा धनुर्धर नव्हे. त्याच्या तोडीचा दुसरा त्या मैदानावर शोधावा लागला असता. तरीही ऐन वेळी त्याच्या हाताने दगा दिला. स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यात कंट्रोलर घामाने निसटू लागला की आपण या खेळाच्या लायकीचेच नाही असं ज्याला वाटतं, त्याने हे लक्षात घेतलेलं बरं.

अर्जुनाला नेमकं झालं काय होतं? विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यातल्या पहिल्याच प्रवचनात विनोबा सांगतात की अर्जुन भित्रा नव्हता आणि त्याला अहिंसेचा साक्षात्कारही झालेला नव्हता. त्यासाठी ते एका न्यायाधीशाचं उदाहरण देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या या न्यायाधीशासमोर एक दिवस त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो, आणि मग त्याला फाशीची शिक्षा किती अमानुष आहे ते एकाएकी दिसू लागतं. युक्तिवाद कदाचित बरोबरही असेल, पण तो बोलतोय मोहाने.

स्पर्धेच्या रांगेत उभ्या असलेल्या खेळाडूच्या डोक्यात असेच युक्तिवाद चाललेले असतात. शेवटी खेळच तर आहे. आपण अनुभवासाठी आलोय, जिंकायला थोडेच. आपण निवडलेल्या कॅरेक्टरमध्येच दम नाही. ऐकायला हे सगळं वैराग्यासारखं वाटतं, आणि घोळ इथेच होतो. हरल्यावर लागणारी सबब आधीच शिवून तयार ठेवण्याला वैराग्य म्हणत नाहीत. कृष्णाने अर्जुनाचं तत्त्वज्ञान ऐकून घेतलं, पण त्याचं कौतुक केलं नाही. हा शहाण्यासारखा बोलतो आणि शोक मात्र भलत्याचाच करतो, अशा अर्थाचं त्याने सुनावलं.

एपिक्टेटस हा मूळचा गुलाम, पुढे रोमन साम्राज्यातला नावाजलेला स्टोइक शिक्षक. विनोबांसारखंच त्याचंही: तो बोलला, आणि एरियन नावाच्या शिष्याने लिहून ठेवलं. चिंतेवर बोलताना त्याने तंतुवाद्य वाजवून गाणाऱ्या एका कलावंताचा दाखला दिला आहे. तो एकटा असताना मजेत गातो. रंगमंचावर आला की त्याला घाम फुटतो. आवाज तोच आणि तयारीही तीच असते, पण आता त्याला नुसतं चांगलं गायचं नसतं, टाळ्याही हव्या असतात. गाणं त्याच्या हातात आहे, टाळ्या नाहीत. आणि जे हातात नाही ते हवंसं वाटणं म्हणजेच चिंता, असं एपिक्टेटसचं निदान.

निदान चोख आहे, पण अपुरं. प्रेक्षकांचा परिणाम टाळ्यांची हाव नसलेल्या प्राण्यांवरही होतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली सहकाऱ्यांसोबत चक्क झुरळांची शर्यत लावली. प्रेक्षकही झुरळंच. सरळ वाटेवर प्रेक्षकांसमोर झुरळं अधिक वेगाने पळाली. वाट वळणाची झाली तेव्हा मात्र प्रेक्षक असताना त्यांना जास्त वेळ लागला. झायन्सचा सिद्धांत असा की कुणीतरी पाहत असलं की अंगात भिनलेली गोष्ट आणखी चांगली होते आणि कच्ची गोष्ट आणखी बिघडते. झुरळाला मान-अपमान नसावा. तेव्हा थरथरणाऱ्या हातांचा सगळा दोष अहंकारावर ढकलणं हा माणसावर थोडा अन्यायच आहे. आदल्या रात्री यूट्यूबवर पाहिलेला नवा कॉम्बो स्पर्धेत हमखास का फसतो आणि तीन वर्षं घोटलेला साधा फटका का लागतो, याचं उत्तरही इथेच आहे.

गीतेत अर्जुन जेव्हा तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, त्याला आवरायचं कसं, तेव्हा कृष्ण दोन उपाय सांगतो: अभ्यास आणि वैराग्य. पतंजलीही हीच जोडी देतो आणि याच क्रमाने. अभ्यास आधी. वैराग्याची भाषा सगळ्यांना आवडते, कारण ती एका रात्रीत शिकल्याचा भास होतो.

आता १ ऑगस्ट २००४ची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे एव्हो ही स्पर्धा भरली होती. खेळ ‘स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक’. लूझर्स ब्रॅकेटच्या, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात जपानचा दायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर होते. एका राउंडमध्ये दायगोच्या केन या कॅरेक्टरची आरोग्यपट्टी जवळजवळ संपली होती. इतकी, की वार नुसता अडवला असता तरी जाताजाता होणाऱ्या किरकोळ इजेने केन मेला असता. जस्टिनच्या कॅरेक्टरने, चुन-लीने, पंधरा लाथांची सुपर चाल सोडली. त्या खेळात वार पूर्ण निष्प्रभ करण्याचा एकच मार्ग होता: प्रत्येक लाथ लागण्याच्या ऐन क्षणी स्टिक शत्रूच्या दिशेने ढकलायची. क्षण चुकला की खेळ खलास. त्यातही पहिली लाथ दिसेपर्यंत थांबायची सोय नव्हती, ती आधीच ओळखावी लागत होती. दायगोने पंधराच्या पंधरा लाथा परतवल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि उलट चाल करून राउंड जिंकला. हॉलमध्ये इतका गोंगाट होता की या प्रसंगाची ध्वनिचित्रफीत आजही लोक त्या आरडाओरड्यासाठीही पाहतात.

दायगोच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं, हे बाहेरून सांगणं फसवं. पण त्याच्याच देशातल्या एका झेन भिक्षूने या प्रकारावर सुमारे चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. ताकुआन सोहोने शोगूनचा तलवारगुरू याग्यू मुनेनोरी याला उद्देशून लिहिलं की मन शत्रूच्या तलवारीवर ठेवलंस तर तलवार ते पकडून ठेवील, स्वतःच्या तलवारीवर ठेवलंस तर ती पकडील. मग ठेवायचं कुठे? कुठेच नाही, म्हणजे ते सगळ्या अंगात पसरतं. हजार हातांच्या कान्नोन देवतेचं मन एका हातावर थांबलं तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निकामी होतील, असा त्याचा दाखला आहे. त्याच लिखाणात आणखी एक मार्मिक निरीक्षण आहे. अगदी अडाण्याचं मन कुठे अडकत नाही, कारण त्याला काही येतच नाही. थोडं शिकलेल्याचं मन जागोजागी अडकतं. पुष्कळ घोटल्यावर ते पुन्हा अडाण्यासारखं मोकळं होतं. पहिल्या स्पर्धेला जाणारा जवळपास नेहमी मधल्या पायरीवर असतो. त्याला वीस गोष्टी येतात आणि ऐन वेळी त्या वीसही एकदम आठवतात.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा. जिंकण्यासाठी मन निरिच्छ करायचं, यात फसवणूक नाही का? फळाची आशा सोडली की फळ लवकर मिळतं असं कुणी सांगू लागला, तर त्याने आशा सोडलेली नाही. फक्त जास्त व्याजाच्या खात्यात टाकली आहे. आजकाल गीता, झेन आणि स्टोइक विचार ज्या पद्धतीने ‘परफॉर्मन्स’ वाढवण्यासाठी विकले जातात, त्यात हेच चाललेलं असतं. ताकुआनचा सल्लाही शेवटी माणसं मारण्याच्या विद्येसाठी होता, हे विसरून चालणार नाही. स्थिर मन चांगल्या कामाला लागेल याची हमी स्थिरतेत नसते.

स्टोइकांनी या पेचातून एक वाट काढली होती. सिसेरोच्या ग्रंथात स्टोइकांची बाजू मांडणारा केटो धनुर्धराचं उदाहरण देतो: नेम धरण्यासाठी जे जे करायचं ते सगळं करणं हे धनुर्धराचं साध्य, बाण लागणं हवंहवंसं असलं तरी त्याचं साध्य नव्हे. सुटलेल्या बाणाला वारा लागू शकतो. लक्ष्य स्थिर असेल तिथवर हे उत्तर सुंदर आहे. फायटिंग गेममध्ये मात्र लक्ष्य उलट आपल्यावर नेम धरून बसलेलं असतं. आपली ‘बरोबर’ चाल कोणती, हे समोरचा काय करणार त्यावर ठरतं. तेव्हा ‘आपण आपलं उत्तम द्यावं’ हे वाक्य इथे अर्धवट पडतं. स्वतःच्या उत्तमाकडे पाहत बसणं हेही शेवटी स्वतःकडेच पाहणं.

रॉय बॉमाइस्टर याने १९८४ साली दबावाखाली कौशल्य का कोसळतं याचा अभ्यास केला, आणि त्याचा निष्कर्ष हाच होता: घोटलेली कृती चालू असताना माणूस स्वतःच्या हालचालींवर पहारा ठेवू लागला की ती बिघडते. ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावणं हाही एक पहाराच. २०१४ साली ॲलिसन वुड ब्रुक्स हिच्या प्रयोगात लोकांना कॅरिओकीच्या व्हिडिओ गेमवर गायला लावलं. गाण्याआधी ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांना ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गुण मिळाले. धडधड तीच असते, तिचं तोंड बाहेरच्या दिशेला वळवायचं असतं. निरिच्छ मनाच्या शोधात आत उतरण्यापेक्षा समोरच्या माणसाबद्दल कुतूहल धरणं हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे. हा उडी केव्हा मारतो? कोपऱ्यात सापडला की काय करतो? दोनदा मार खाल्ल्यावर तिसऱ्यांदा तेच करतो का? हे प्रश्न विचारणाऱ्याला आपले हात थरथरताहेत की नाही हे पाहायला सवड राहत नाही, आणि त्यासाठी जिंकण्याची इच्छा सोडल्याचं नाटकही करावं लागत नाही.

राहता राहिला गोंगाट. शेजारच्या टेबलावरचा जल्लोष, समालोचकाचा माइक, पाठीमागे उभे राहून कुजबुजणारे, दोन-दोन तास लांबलेलं वेळापत्रक, एसीने गारठलेली बोटं, रिकामं पोट. एपिक्टेटसचा यावरचा सल्ला अगदी घरगुती आहे. सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय होतं ते आठव, असं तो सांगतो: पाणी उडवणारे असतील, ढकलणारे असतील, शिव्या देणारे असतील, चोर असतील. मग मनाशी म्हण, मला अंघोळ करायची आहे आणि आपली वृत्तीही सांभाळायची आहे. ऑलिम्पियाला जाणाऱ्यांनाही त्याने हेच विचारलं होतं: तिथे ऊन लागत नाही? गर्दी होत नाही? पावसात भिजत नाही? तरी जाताच ना? गोंगाट हा स्पर्धेत आलेला व्यत्यय नसतो. शांततेत खेळायचं तर घर होतंच. कानावर हेडफोन चढवा, खिशात खजूर-चिक्की ठेवा, बोटं गरम ठेवा, सामन्यापूर्वी दोन लांब श्वास सोडा. श्वास बाहेर सोडून रोखण्याचा उपाय पतंजलीनेही सांगितला आहे, त्यात कमीपणा नाही. एवढं करूनही जे उरेल ते स्नानगृहाचं पाणी समजावं.

हिशेबाचीही एक गोष्ट आहे. एव्होसारख्या स्पर्धा डबल एलिमिनेशनच्या असतात, दोनदा हरलेला बाहेर. २०२३ साली लास वेगासमध्ये ‘स्ट्रीट फायटर सिक्स’साठी सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नावं नोंदवली. अशा रचनेत पहिल्या सामन्यात निम्मे हरतात आणि त्यांच्यातले निम्मे दुसऱ्यातही. म्हणजे साधारण चौथा हिस्सा एकही सामना न जिंकता बाहेर पडतो, कुणी कितीही ध्यान केलं तरी. आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने जिंकलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. म्हणजे घाई कसलीच नाही.

तेव्हा पहिल्या स्पर्धेला निघालेल्याने दोन सामने हरल्यावर लगेच बॅग उचलून स्टेशन गाठू नये. ज्याने हरवलं त्याच्याशी हात मिळवून ‘माझं कुठे चुकलं?’ असं विचारावं. या खेळातली मंडळी बहुधा सांगतात. बहुतेक हॉलमध्ये स्पर्धेबाहेरच्या खेळासाठी काही मशीन मोकळी ठेवलेली असतात. तिथे रांग लावावी आणि संध्याकाळपर्यंत खेळावं.