पंगतीतून उठलेला पेत्र



मागच्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक आजी आम्हा वाचकमंडळींपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आजचं वाचन काय कळलं नाय, बाबांनो. गाडी सुटल्यासारखं वाचलं." आम्ही लगेच उत्तर दिले : माईक घरघरत होता, बाहेर पाऊस होता. घरी पोचेपर्यंत मात्र सूर पालटला. आपल्याला हे जमतच नाही, यादीतून नावे काढून घ्यावीत, इथपर्यंत मजल गेली. आजी बोलल्या होत्या फक्त वेगाबद्दल. आम्ही आधी स्वतःचे वकील झालो, मग न्यायाधीश. वाचन बाजूलाच राहिले.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल एक प्रसंग सांगतो. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंगतीतून मागे सरला. त्याचे पाहून बर्णबाही सरला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत सुनावले.

संत जेरोम यांना हे पटेना. दोघांनी ठरवून केलेला तो वाद असावा, असे त्यांनी लिहिले. पेत्र खरोखर चुकला, हे मानणे जड जात असावे. इ. स. ३९५ च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी पत्र लिहून हरकत घेतली. ते पत्र वाटेतच रखडले आणि नंतरचे एक पत्र जेरोम यांच्या हाती पडण्याआधी इटलीत इतरांनी वाचले. वयाने वडील आणि स्वभावाने तापट असलेले जेरोम दुखावले. (संतसुद्धा दुखावतात, हे वाचून आम्हाला जरा बरे वाटले!) पुढे कित्येक वर्षे पत्रे चालली. त्यांत ऑगस्टीन यांनी मांडलेला एक विचार आमच्या मनातून जात नाही : पौलाने धैर्याने सुनावले खरे, पण आपल्यामागून आलेल्याचे बोल ऐकून घेणाऱ्या पेत्राचे उदाहरण त्याहून दुर्मिळ आहे. पौलाने बोट ठेवले ते पेत्राच्या एका वागण्यावर. त्याचे प्रेषितपण त्याने काढून घेतले नाही.

ऑगस्टीन यांनी हे स्वतःलाही लावले. ४२६-२७ च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी आपले ९३ ग्रंथ पुन्हा तपासले. चुकले तिथे चुकले असे लिहिले. जिथे लोकांनी विपर्यास केला होता, तिथे आपली बाजूही मांडली. सगळीच टीका खरी नसते, आणि खरी असली तरी सगळीच्या सगळी खरी नसते.

आमचेच पाहा. माईक खरोखर घरघरत होता. तो आता दुरुस्त झाला आहे. आणि आम्ही खरोखर घाईने वाचले होते. आता शनिवारी संध्याकाळी आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो. आजी शेवटच्या बाकावर बसतात. तिथपर्यंत ऐकू जाते का, हे त्यांना विचारायचे अजून राहिले आहे.