आपल्या आगमनापर्यंत

आमच्या गोंडपिपरीकडच्या लग्नपत्रिकांत एक ओळ हमखास असते : 'स्वागत समारंभ व स्नेहभोजन, सायंकाळी 7 वाजेपासून आपल्या आगमनापर्यंत.' पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना ती वाचून हसू येते. पाहुणा येईपर्यंत समारंभ, म्हणजे पाहुणा आला की समारंभ संपला की काय, असे ते विचारतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी शाळेत व्याकरण शिकवतो, तेव्हा तेवढे मला कबूल करावे लागते. पण या ओळीइतके मोठे आश्वासन दुसऱ्या कोणत्याही छापील कागदावर माझ्या वाचनात आलेले नाही. तुम्ही कितीही उशिरा या, तुम्ही येईतोवर चुलीवरचे भांडे उतरणार नाही, असे यजमान तीत लिहून देतो. त्या संध्याकाळची मालकी तो पाहुण्याच्या हाती देऊन टाकतो.

प्रत्यक्षात ती मालकी कोणाकडे राहते, हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर पडतो. त्याला कारण माझा धंदा. मी मास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. गावाच्या हिशेबी दोन्हींचा अर्थ एकच : या माणसाजवळ बरे अक्षर आहे आणि चारचौघांत बोलण्याची सवय आहे. माझी कादंबरी गावात फारशी कोणी वाचत नाही. परंतु लग्न निघाले की बोलावणे येते. "गुरुजी, रिसेप्शनचा कार्यक्रम तुमीच लिहून द्या, अन् माइक बी तुमीच धरा." मी वहीचे एक पान फाडतो, डाव्या बाजूला वेळ लिहितो, उजव्या बाजूला कार्यक्रम लिहितो. अशी किती पाने मी आजवर लिहिली असतील, कोण जाणे.

लग्न चार-पाच दिवस चालायचे तेव्हा असे पान कोणी लिहीत नसे. हळद दळताना बायका गात, रुखवतापुढे उखाणे होत, विहिणींच्या थट्टेला ऊत येई, आणि करमणूक ज्याची त्यानेच करायची असे. आमच्याकडच्या गोंड-माडिया लग्नांत रेला सुरू झाला की आजही प्रेक्षक शिल्लक राहत नाही. हातात हात गुंफून जो तो फेरात शिरतो. मात्र त्या जुन्या मांडवांच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांपैकी मी नाही. त्या मांडवात कोणाची पंगत आधी आणि कोणाची शेवटी, कोणाची पत्रावळ आत आणि कोणाची मांडवाबाहेर, हेही ठरलेले असे. स्वागत समारंभाने एक गोष्ट चांगली केली. खुर्ची सगळ्यांना सारखी, ताट सगळ्यांना सारखे, आणि वाढप्याच्या ओळीत वकील आणि वनमजूर मागेपुढे उभे.

जी उच्चनीचता ताटातून गेली, ती मला वाटते घड्याळात जाऊन बसली. कोणी कोणासाठी थांबायचे, हे आता नवे मानपान आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ त्यांच्या मुलाच्या स्वागत समारंभाची यादी घेऊन माझ्याकडे आले. सून वर्धा नदीच्या पलीकडची, तेलंगणातली. यादी अशी होती : नवरा-नवरीचे धुराच्या लोटांतून आगमन, पडद्यावर त्यांचा लग्नाआधी काढलेला चित्रपट, भाचे-पुतण्यांचे नाच, ऑर्केस्ट्रा, केक, मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, दोन भाषणे, आणि मग जेवण. मी शेजारी मिनिटे मांडत गेलो. बेरीज साडेतीन तासांवर गेली. तीत मान्यवरांनी यावयाच्या वेळेचा हिशेब धरलेला नव्हता, कारण तो कोणालाच धरता येत नाही. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. म्हणजे सातपासून दहापर्यंतच्या 3 तासांत साडेतीन तास बसवायचे होते. असले गणित शाळेत कोणी मला घातले असते, तर मी त्याला अंगठे धरून उभे केले असते.

पण खरी अडचण वेगळी होती. मे महिना म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. पहाटे चारला उठून जंगलात जायचे, ऊन चढण्याच्या आत पाने तोडून आणायची, सावलीत बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. वर्षातून थोडे दिवस हे काम मिळते आणि त्यावर घराच्या पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. अर्धे पाहुणे अशा घरांतले होते. ते फळीवरून घरी जाऊन, अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून येणार. आणि पुन्हा पहाटे चारला उठणार. परतीचा रस्ता जंगलातला, आणि आमच्या जंगलात वाघ आहे हे मी वाचकांना नव्याने सांगायला नको. अशा माणसाला साडेदहापर्यंत उपाशी बसवून त्याच्यापुढे दुसऱ्याच्या मुलाचा चित्रपट लावायचा, याला आतिथ्य म्हणावे काय?

लग्नातल्या पैशाबद्दल थोर माणसांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता 1955 सालची. ती ज्यांच्या देव्हाऱ्याशेजारी असते, अशा घरांसाठीही मी ही पाने लिहिली आहेत, आणि खर्च कमी करा असे तिथे निदान बोलता तरी येते. यजमानाचा पैसा यजमानाचा असतो. त्याने तो उधळला तर त्याला बोल लावता येतो, फार तर कीव करता येते. पण पाहुण्यांचा वेळ यजमानाचा नसतो. तो पाहुण्यांनी लोभापोटी, कसलीही चिठ्ठी-चपाटी न घेता त्याच्या हवाली केलेला असतो. आणि तो उधळल्याबद्दल आजवर कोणी कोणाला बोल लावल्याचे ऐकिवात नाही.

इथे मला आमच्या नाटकांची आठवण होते. दिवाळी झाली की भाऊबीजेपासून झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. धान निघालेले असते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाहुणे गावोगाव हिंडतात, सोयरिकीही तिथेच जुळतात. आणि रात्री नाटक असते. वडशाच्या कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या 4 जिल्ह्यांत होळीपर्यंत फिरत राहतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात ती घरोघर मिळाल्यासारखे झाले होते. हे नाटक रात्रभर चालते. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते. पण दिवसा शंकरपटाला लांबून आलेला माणूस रात्री जंगलातून परत जाणार कसा? तो उजाडेपर्यंत गावातच राहणार. मग त्याच्या मुक्कामाएवढे नाटक लांब. नाटकाची वेळ प्रेक्षकाच्या घरच्या वाटेने ठरवली आहे, हे मला त्यातले मोठे शहाणपण वाटते.

शिवाय तिथे तिकीट आहे. तिकीट काढलेला माणूस राजा असतो. गाणे आवडले तर तो पुन्हा म्हणायला लावतो, नाही आवडले तर तोंडावर सांगतो, आणि झोप आली तर तिथेच घोंगडी पसरतो. लग्नातला पाहुणा तिकीट काढत नाही. तो आहेराचे पाकीट देतो, पण त्याने उठून जाण्याचा हक्क मिळत नाही. न जेवता उठला तर यजमानाचा अपमान, जेवणाला गेला तर अजून ते सुरूच नाही. म्हणजे चार पैसे देऊन आलेल्या परक्या माणसाची जितकी काळजी नाटक कंपनी घेते, तितकी सख्ख्या मावसभावाची आपण घेत नाही. का? तर तो रागावून कुठे जाणार नाही, याची आपल्याला खात्री असते.

हे सगळे मी त्या गृहस्थांपुढे जमेल तितके सौम्यपणे मांडले. जेवण सातला सुरू करा, बाकीचे सगळे त्यानंतर, असे सुचवले. ते बराच वेळ वहीच्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, माह्या बापानं जलमभर दुसऱ्याच्या मांडवाबाहेर बसून जेवन केलं. कोनं त्याचं नाव घेतलं नाही. आज माह्या मांडवात मोठा मानूस येते अन् माह्या हातून हार घालून घेते. त्याच्यासाठी पाव्हन्यानं अर्धा घंटा दम धरला तं काय बिगडते?"

उत्तर माझ्या ओठांवर होते. भाऊ, तुमचे वडील बाहेर बसून वाट पाहत होते, आणि आज मागच्या खुर्च्यांवर तुमचीच माणसे वाट पाहत बसणार आहेत. पण मी ते बोललो नाही, कारण ते अर्धेच खरे होते. ज्याच्या दोन पिढ्यांनी दुसऱ्यांच्या दारात ताटकळत काढली, त्याला एक दिवस मोठ्या माणसाने आपल्या दारात यावे असे वाटले, तर त्याला पोकळ मोठेपणा म्हणणारा मी कोण? माझे नाव तर वर्षातून दहा वेळा माइकवर येते. आणि मागच्या खुर्च्यांवरच्या माणसांनाही त्या हाराचा वाटा मिळतो. आमच्या लग्नाला अमुक आले होते, हे दुसऱ्या दिवशी फळीवर पुडे मोजताना तेही सांगणारच. मान हा असा एकट्याचा नसतो.

मग चूक कशात आहे? मी दोन दिवस यावर विचार केला. सत्कारात चूक नाही, नाचात नाही, त्या धुराच्या लोटांतही नाही. पोरांची हौस आहे, होऊ द्यावी. चूक मानाची गाठ भुकेशी बांधण्यात आहे. जेवण शेवटी ठेवायचे ते कशासाठी? खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात यासाठी. जेवून जो बसतो तो प्रेक्षक. जेवणासाठी जो बसतो तो ओलीस. जेवलेल्या माणसापुढे तुम्ही पहाटेपर्यंत ऑर्केस्ट्रा लावा. त्याला आवडले तर तो बसेल.

सरकारने एकदा लग्नाचे हे वेळापत्रक स्वतःच्या हातात घेतले होते. एप्रिल 2021 मध्ये साथीच्या दुसऱ्या लाटेत राज्यात हुकूम निघाला : लग्न एकाच सभागृहात, 2 तासांत, 25 माणसांत आटोपायचे, मोडेल त्याला 50,000 रुपये दंड. त्या वेळी पुष्कळ जण म्हणाले की, आता लोकांना साधेपणाची गोडी लागेल. दुसऱ्याच वर्षी मांडव पूर्वीपेक्षा मोठे झाले. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. ज्याला कमी करणे भाग पडले, त्याने कमी केले असे होत नाही.

माणसाने आपण होऊन कार्यक्रम बदलला, तेव्हाच काही निराळे घडले. पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी लागला. जोतीराव फुल्यांनी केवळ खर्च आणि भटजी वगळले एवढेच आपण लक्षात ठेवतो. परंतु त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः एकमेकांशी बोलतात, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आमच्या स्वागत समारंभात सगळे बोलतात. मी बोलतो, पुढारी बोलतात, गायक मधूनच विनोद सांगतो. आणि ती दोघे उंच खुर्च्यांवर बसून फोटोग्राफर सांगेल तिकडे मान वळवतात.

ते गृहस्थ शेवटी जेवणाच्या बाबतीत कबूल झाले. सत्कार ठेवला, भाषण एक काढले, चित्रपट अर्ध्यावर आणला. सातला जेवण सुरू झाले. साडेआठपर्यंत जंगलाकडच्या गावांचे लोक जेवून, नवरा-नवरीला आहेर करून, आपापल्या गाड्यांत बसून गेलेसुद्धा. मान्यवर आले ते नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी माइकवरून शक्य तेवढा उत्साह आणला, पण रिकाम्या खुर्च्या माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होत्या. हार घालताना त्या गृहस्थांचा चेहरा उतरला होता. माझ्या हिशेबाची किंमत त्यांनी मोजली, हे मला दिसत होते. पहाटे जंगलात जाणाऱ्यांची झोप एका पारड्यात आणि या एका माणसाचा उतरलेला चेहरा दुसऱ्या पारड्यात. मी पुन्हाही पहिलेच पारडे धरीन, पण दुसरे हलके होते असे म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी पानावर नसलेली एक गोष्ट घडली. सव्वाआठच्या सुमारास, ऑर्केस्ट्रावाले जेवायला गेले असताना, नवरीकडच्या चार-पाच बायकांनी जमिनीवर बसून तेलुगूत लग्नाचे गाणे धरले. त्यांचे झाले तशी इकडच्या म्हाताऱ्या सरसावल्या. मग एक तिकडचे, एक इकडचे, असे चालले. शब्द एकमेकींना कळत नव्हते. थट्टा मात्र नेमकी कळत होती. नवरी उंच खुर्चीवरून उतरून त्यांच्यात येऊन बसली. इकडच्या बाजूने सगळ्यांत पुढे होती ती नवरदेवाची आजी.

तो अर्धा तास यजमान तिथे नव्हते. मान्यवरांची गाडी चुकू नये म्हणून ते सातपासून फाटकापाशी उभे होते. साऱ्या लग्नात सगळ्यांत जास्त वाट त्यांनीच पाहिली. आठवडाभराने ते हिशेबाची पाने घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा कोणीतरी मोबाइलवर टिपलेले ते गाणे मी त्यांना दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले. मग मोबाइल कानाशी नेऊन म्हणाले, "माही माय कोनती ओळ म्हनून राहिली, तुमाले समजते का, गुरुजी?"

मीही कान लावला. मांडवातल्या मोठ्या पंख्याच्या घरघरीत शब्द बुडून गेले होते.