दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?

नालवाडी आज वर्धा शहराला अगदी लागून आहे. १९३२ साली ते शहराबाहेरचे लहानसे खेडे होते. त्या वर्षी विनोबा भावे येथील दलित वस्तीत राहावयास आले. कोकणातील गागोदे गावच्या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या माणसाने येथे सूतकताईच्या मजुरीवरच पोट भरण्याचा प्रयोग केला. मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे चर्मालयही येथेच चालले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामाला समाजाने अपवित्र ठरविले, त्याची प्रतिष्ठा येथे वाढविण्यात आली. १९३८ साली विनोबा पवनारला गेले.

त्यानंतर दहा वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, नथुराम गोडसेने महात्मा गांधींची हत्या केली. मारेकऱ्याची जात कळताच नागपूरपासून सातारा, सांगली, कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांची घरे पेटविण्यात आली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीचा विषय हाच आहे. मुंबईत स्वातंत्र्यसैनिक डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत गंभीर जखमी झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ज्याने आयुष्यभर अहिंसा शिकविली, त्याच्या नावाने हे सारे घडले.

आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट सांगू इच्छितो. त्या जमावाच्या मनातील जुनी सल खोटी नव्हती. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी, सावकाराच्या ओटीवर झालेले अपमान खरे होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला तो काही कल्पित दुःखासाठी नव्हे. परंतु दुःख खरे असले म्हणून हाती सापडेल तो माणूस अपराधी ठरत नाही. न्यायालयाने प्रत्येक आरोपीला त्याने काय केले हे विचारले. दोघांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी फाशी झाली, काहींना जन्मठेप मिळाली, तर काहींची सुटका झाली. जमावाने मात्र प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारला: तुमचे आडनाव काय?

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच विचारला जातो असे नाही. १९७२ सालच्या ३० जानेवारीलाच, उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातील निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या; त्या दिवशी १३ जण मृत्युमुखी पडले. १९७४ साली बर्मिंगहॅममधील दोन मद्यगृहांत झालेल्या स्फोटांत २१ निरपराध माणसे मेली. त्या गुन्ह्यासाठी सहा आयरिश पुरुषांना जन्मठेप झाली. ते निर्दोष होते. १९९१ साली त्यांची सुटका झाली तेव्हा आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. दोन्ही बाजूंना खरी दुःखे होती, आणि दोन्ही बाजूंनी ती भलत्याच माणसांकडून वसूल केली.

यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात परमेश्वर हा हिशेब अमान्य करतो: बापाच्या पापाचा भार मुलावर नाही आणि मुलाच्या पापाचा भार बापावर नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. तरीही ख्रिस्ती जगाने प्रभूच्या मरणाचा दोष शतकानुशतके सर्व यहुद्यांवर ठेवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तो दोषारोप चुकीचा असल्याचे जाहीर केले. इतका उशीर का झाला, हे आपण विसरता कामा नये.

मग ‘मी तर काहीच केले नाही’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. दोष वारशाने येत नाही. परंतु घर, जमीन, प्रतिष्ठा, शिक्षण ही वारशाने येतात, आणि ज्यांना ती नाकारली गेली त्यांची उपेक्षाही वारशाने येते. तेथे जबाबदारी सुरू होते. मार्च १९४८ मध्ये सेवाग्राम येथे जमलेल्या गांधीजींच्या सहकाऱ्यांपुढे विनोबांनी सांगितले की, जात सोडली असली तरी ज्या जातीच्या माणसाने ही हत्या केली त्याच जातीत आपला जन्म झाला, हे आपण विसरू शकत नाही. नालवाडीत राहिलेल्या माणसाने असे म्हणण्याची गरज नव्हती, म्हणूनच त्या बोलण्याला वजन आहे. हेच शब्द दुसऱ्या कोणी त्यांच्यावर फेकले असते तर तो अन्याय ठरला असता. ‘आम्ही’ म्हणून पुढे येणे हे प्रायश्चित्त आहे. ‘तुम्ही सगळे’ म्हणून बोट दाखविणे हा अत्याचार आहे.

आपल्यालाही गोव्यातील इन्क्विझिशनचा जाब अधूनमधून विचारला जातो. १५६० ते १८१२ या काळातील त्या न्यायालयाशी आजच्या विदर्भातील ख्रिस्ती कुटुंबाचा काय संबंध, असे आपण चिडून म्हणतो. दोषाच्या दृष्टीने ते खरेच आहे. तरीही जे घडले ते झाकणे हे आपले काम नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. ती पापे त्यांनी स्वतः केलेली नव्हती.

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना आम्ही एवढेच सुचवितो. जेवताना घरात ‘ते लोक तसलेच’ असे वाक्य निघाले की आईवडिलांनी मुलांदेखत विचारावे: कोण? केव्हा? काय केले? नाव सांगता आले तर तक्रार योग्य ठिकाणी न्यावी. नाव सांगता आले नाही, तर ते वाक्य मागे घ्यावे.