मदतीचा सोस

दुसऱ्यासाठी फुकट राबणाऱ्याला आपण 'लष्कराच्या भाकऱ्या भाजतो' म्हणतो. पण न विचारता अंगावर येणाऱ्या दयेचं काय? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तामिळनाडूकडे कपड्यांचे ट्रक धावले. तिथल्या कोळ्यांच्या होड्या, जाळी गेलेली. हाती आली जुनेरं, फाटके सदरे. कष्टाचं खाणारी स्वाभिमानी माणसं ती! कपड्यांचे ढीग रस्त्याकडेलाच पडून राहिले. पुढे 'गूंज' या संस्थेनं ते उचलून, निवडून कामी लावले. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, असं मी मानतो. तरी कपाट रिकामं करण्याआधी "तुम्हाला काय हवंय?" एवढं विचारायलाच हवं होतं. होडी आणि जाळं, हे किनाऱ्यावरच्या पोरानंही सांगितलं असतं.