रस्त्यावरचा शेजारी

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. कारकून, प्राध्यापक, गवळी, शाळकरी मुली, सारे त्याच एका वाहनावर असत. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने पेठापेठांतून होती, आणि रात्री दिव्यावाचून जाणाऱ्याला किंवा डबलसीट नेणाऱ्याला पोलीस शिपाई हटकून अडवीत असे. त्या काळी रस्त्यात भांडणे होत नसत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सायकलवाला पादचाऱ्यावर खेकसे आणि पादचारी त्याला अस्सल पुणेरी उत्तर देई. परंतु धडक झालीच तर बहुधा दोघेही धूळ झटकून उठत. आता तसे राहिलेले नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांतील 32,825 जण केवळ पायी चालत होते.

या आकड्यांपुढे माझी गोष्ट अगदी क्षुल्लक आहे, तरीही ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी मी स्कूटरवरून बायबल अभ्यासाच्या सभेला निघालो होतो. उशीर झाला होता. चौकातील सिग्नलला वाहने तुंबली होती. पुढचा दुचाकीस्वार पदपथावर चढला, त्याच्यामागे दुसरा चढला आणि तिसरा मी. समोरून एक वृद्ध गृहस्थ पिशवी घेऊन येत होते. माझ्या हॅन्डलचा पिशवीला धक्का लागला आणि आतले टोमॅटो पदपथावर घरंगळले. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. ते भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि हाताने मला पुढे जाण्याची खूण केली. मी गेलो. सभेला वेळेवर पोहोचलो आणि प्रार्थनाही केली.

वाचकहो, मला छळतो तो टोमॅटोंचा प्रश्न नव्हे. त्यांनी मला वाट करून दिली, आणि ती वाट त्यांची होती. स्वतःच्या जागेवर स्वतःच अंग चोरून उभे राहण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की रागही आला नाही. ही सवय त्यांना कोणी लावली? माझ्यासारख्यांनीच, रोज थोडी थोडी.

याची साखळी पाहण्यासारखी आहे. मोटार रस्त्याचा मधला भाग व्यापते, तेव्हा दुचाकी कडेला सरकते. कडेने जाणारा सायकलवाला गटाराच्या झाकणांवर ढकलला जातो. त्याच्यासाठी मुद्दाम मार्ग बांधले गेले. पुणे महापालिकेने 2017 साली त्यांचा मोठा आराखडाही संमत केला. पण बांधलेल्या मार्गांवर पुष्कळदा दुचाक्या उभ्या असतात, आणि उरलेल्या जागेत पादचारी चालतात, कारण पदपथावर दुकानाचा माल मांडलेला असतो. मग सायकलवाला घंटा वाजवीत पादचाऱ्यावर चिडतो. प्रत्येकाला आपल्याहून मोठ्याने ढकललेले आहे, आणि प्रत्येक जण त्याचे उट्टे आपल्याहून लहानावर काढतो. मोटारवाल्याला जाब विचारण्याची सोय नसते. पायी चालणाऱ्या म्हातारीला मात्र विचारता येते.

रस्ता सर्वांचा, सर्वांचा हक्क सारखा, असे आपण म्हणतो. तत्त्व म्हणून ते खरे आहे, पण रस्त्यावर उतरताच ते अपुरे पडते. शेकडो किलोचे लोखंड आणि साठ किलोचे हाडामांसाचे शरीर यांना सारखाच हक्क देऊन आपण बाजूला झालो, तर निकाल अगोदरच लागलेला असतो. म्हणून मला वाटते की जो दुसऱ्याला अधिक इजा करू शकतो, त्याच्यावर थांबण्याचे ओझे अधिक असले पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुर्बळाला सारे माफ काय? विरुद्ध दिशेने येणारा सायकलस्वार किंवा भ्रमणध्वनी कानाला लावून वाहनांच्या मधून चालत सुटलेला तरुण, यांचे काय? त्यांचीही चूक ही चूकच. केवळ दुर्बळ असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. मात्र त्यांच्या चुकीचे मोल बहुतेक वेळा तेच भरतात, माझ्या चुकीचे मोल दुसरा भरतो. शिवाय सबळ आणि दुर्बळ ही माणसांवर कायमची मारलेली शिक्के नसतात. जो सायकलवाला बससमोर जीव मुठीत धरून असतो, तोच पदपथावर चढला की एखाद्या लहान मुलाच्या लेखी बस होतो. मीही सकाळी पायी दूध आणावयास जातो तेव्हा स्कूटरवाल्यांना मनातल्या मनात लाखोली वाहतो, आणि दहा वाजता किल्ली फिरवताच पादचारी मला आडवे येऊ लागतात. मन तेच असते, फक्त बसण्याची जागा बदलते. इंदूर, बडोदे, बेळगाव, कोठलाही वाचक हे आपल्या चौकात पडताळून पाहू शकेल.

2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन 134 अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकले तरी, कारवाई होऊ नये अशी तरतूद त्यात आहे. अशा मदतनिसाला कायद्याने जे नाव दिले, ते आपल्या ओळखीचे आहे: चांगला शोमरोनी. यरुशलेम ते यरीहो या उतरणीच्या वाटेवरचा दाखला आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकला आहे की तो रस्त्यावर घडतो हेच विसरून गेलो आहोत. याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांनाही कोठेतरी वेळेवर पोहोचावयाचे असेल, असे मला त्या सायंकाळपासून वाटू लागले आहे. आणि एक तपशील पूर्वी कधी माझ्या ध्यानात आला नव्हता. शोमरोन्याजवळ वाहन होते. जखमी माणसाला त्याने त्यावर बसविले. म्हणजे उतारूशाळेपर्यंतची वाट त्याने स्वतः बहुधा पायीच काढली असावी.

त्या वृद्ध गृहस्थांना मी पुन्हा पाहिलेले नाही. मी स्कूटर सोडलेली नाही, सोडणे मला शक्यही नाही. त्या चौकात आता रांगेत उभा राहतो, एवढेच. गेल्या महिन्यात असाच थांबलो असता मागच्याने हॉर्न वाजविण्यास सुरुवात केली. सिग्नल लाल होता, पण पदपथाकडची फट मी अडविली होती. शेवटी त्याने चाक वळविले आणि माझ्या डावीकडून तो वर चढला. पुढे एक बाई मुलाचे बोट धरून चालली होती. ती भिंतीकडे सरकली. मी गप्प राहिलो. त्याला हाक मारावयास हवी होती का, आणि ती कोणत्या तोंडाने, याचा विचार मी सिग्नल हिरवा होईपर्यंत करीत होतो.