राजाचा चेहरा

संभाजी महाराज दिसायला कसे होते, असे आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारा. त्याच्या डोळ्यांपुढे ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेतले डॉ. अमोल कोल्हे येतील, नाहीतर ‘छावा’ चित्रपटातला विकी कौशल. शहराला 2023 साली अधिकृतपणे ज्या राजाचे नाव मिळाले, त्याचा चेहरा मात्र शहराने पडद्यावरून घेतला आहे. मला ही गोष्ट गंभीर वाटते.

राजाच्या चेहऱ्याबद्दल आपली फसगत पूर्वीही झाली आहे. शिवछत्रपतींचे म्हणून एकेकाळी प्रचलित असलेले चित्र इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून खरे चित्र शोधले आणि 1933 साली लोकांपुढे ठेवले. पुढे याच बेंद्रे यांनी शिवछत्रपतींच्या मुलाचीही मलिन प्रतिमा स्वच्छ केली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. तिच्यातला व्यसनी, उतावळा राजा नाटककारांनी पिढ्यान् पिढ्या रंगवला. बेंद्रे यांनी लिहिलेले संभाजीराजांचे चरित्र 1960 साली आले, कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ त्यानंतर. बुधभूषण हा संस्कृत ग्रंथ रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राजा या अभ्यासकांनी कागदपत्रांतून उभा केला. त्यांच्या या कष्टांची आठवण आज किती जणांना आहे?

रंगभूमीवर 1962 साली वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ने काशिनाथ घाणेकरांच्या रूपाने संभाजीराजांना एक अस्वस्थ, दुखावलेला पुत्र म्हणून प्रेक्षकांच्या जवळ आणले. पण नाटक तीन तासांत संपते. मालिका घरातच राहायला येते. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सप्टेंबर 2017 ते फेब्रुवारी 2020 एवढा काळ चालली. संभाजीराजांची कारकीर्द जेमतेम नऊ वर्षांची, आणि राजवाड्यातल्या रोजच्या बोलण्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. इतके भाग भरायचे तर बहुतेक संवाद लेखकाला कल्पनेतूनच आणावे लागतात. त्याचा तो हक्क मला मान्य आहे. शिवाय बेंद्रे यांच्या संशोधनातला राजा ज्या घरांत पुस्तकाने कधी पोचला नसता, तिथे तो मालिकेने पोचवला, हे ऋण मोठे आहे. मात्र कृतज्ञता राजाबद्दलची असते आणि ती जाऊन बसते नटाच्या खात्यावर. धोका इथे आहे.

2019 च्या मे महिन्यात कोल्हे शिरूरमधून लोकसभेवर निवडून आले. संभाजीराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक याच मतदारसंघात येते. पुढचे नऊ महिने ते संसदेत खासदार होते आणि घराघरांत छत्रपती. ‘महाभारता’तले श्रीकृष्ण नितीश भारद्वाज 1996 साली जमशेदपूरमधून, ‘रामायणा’तले राम अरुण गोविल 2024 साली मेरठमधून लोकसभेत गेले. कोल्हे 2024 साली पुन्हा निवडून आले, तेव्हा लोकांनी त्यांचे काम पाहिलेच असेल. त्यांच्या पात्रतेबद्दल मी काही म्हणत नाही. प्रश्न आपला, मत देणाऱ्यांचा आहे. शंभूराजांचे धैर्य त्यांची भूमिका करणाऱ्याला वारसाहक्काने मिळत नाही. त्याने रस्ता, पाणी, कांद्याचा भाव यांवर काय केले, एवढेच मतदाराने तपासावे.

आणि नटावरही आपण अन्याय करतो. 2017 साली चित्रित झालेला, कोल्हे यांची नथुराम गोडसेची भूमिका असलेला चित्रपट जानेवारी 2022 मध्ये प्रदर्शित झाला. त्यावर केवढा गदारोळ उठला! त्यांना आळंदीत जाऊन आत्मक्लेश करावा लागला. खुनी रंगवला म्हणून नट खुनाचा समर्थक ठरत नाही. राजा रंगवला म्हणून तो राजा होत नाही, हे मान्य असेल तर तेही मान्य करावे लागेल. शरद पवारांनी त्या वेळी कलावंत म्हणून त्यांची पाठराखण केली, ती मला योग्य वाटते.

आमच्या शहराशी संभाजीराजांचा संबंध केवळ नावापुरता नाही. 1667 च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, ते इथे मोगल शहाजादा मुअज्जमच्या भेटीला आले होते. शत्रूच्या छावणीत, राजकारणाच्या ओझ्याखाली उभा असलेला तो मुलगा आमच्या शाळांतल्या मुलांच्याच वयाचा होता. त्या भेटीची हकिगत शाळेच्या इतिहासाच्या तासाला सांगितली गेली, तर मुलांना नटापलीकडचा राजा दिसेल. शहरातल्या शाळांना आणि महापालिकेला माझी विनंती आहे: जयंतीच्या फलकांवर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा बाजूला काढा आणि बेंद्रे व कमल गोखले यांची चरित्रे प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात ठेवा.