एकांत आणि माणसं

हरिश्चंद्रगडावर मी एकटीच जाते. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालताना डोक्यातला सगळा कलकलाट थांबतो. हे सुख खरं आहे. पण याच गडावर तप केलेल्या चांगदेवांची कथा मला पुढे नेते. परंपरा सांगते, एवढ्या मोठ्या योग्याला ज्ञान दिलं ते लहानग्या मुक्ताबाईने. सिद्धी एकांतात मिळाली. अहंकार माणसांत आल्यावरच गळाला.

गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात उतरले की तिथल्या मावशी तव्यावरची भाकरी ताटात टाकत विचारतात, "एकटीच गेलतीस? भ्याव न्हाय वाटलं?" त्या काळजीने गडावरचा आनंद उणा होत नाही, पुरा होतो. एकांतात मन निवळावं आणि ते निवळलेलं मन माणसांच्या कामी यावं, यातच मला सुख दिसतं.